गोपाळ कंसात तीन

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शाळा समितीचे प्रमुख भाऊसो. प्रमुख पाहुणे म्हणून विश्रामबागेच्या कॉलेजातून वेळात वेळ काढून आलेले प्रोफेसर कुरुंदवाडकर. ज्यांच्यावरच्या प्रेमापोटी आज या सभागृहात पाय ठेवायला जागा उरलेली नाही ते आपले नारायणराव वडूजकर मास्तर. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौभाग्यवती वहिनी. व्यासपीठावरचे इतर मान्यवर, शिक्षकबंधू, आणि समोर बसलेल्या रहिमतपूरच्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझं नाव गोपाळकृष्ण वाठारकर. हे नाव कृपया ध्यानात ठेवा, कारण आजचं माझं सगळं भाषण त्या नावाचंच आहे. हुद्दा म्हणाल तर आपल्या स्टेशनात बुकिंग क्लार्क. मास्तरांच्या निरोपाला रेल्वेचा माणूस बोलायला कशाला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतो आहे. योग्यच प्रश्न आहे. मी या शाळेचा विद्यार्थी नाही. मास्तरांच्या वर्गात मी एक दिवसही बसलेलो नाही, आणि मॅट्रिकला गणितातून मी कसा सुटलो ते मला आणि त्या परीक्षकाच्या दयाळू स्वभावालाच ठाऊक. पण मी या शाळेचा जावई आहे. मास्तरांनी मुलींचा बीजगणिताचा जो पहिला वर्ग काढला, त्यातली चारुलता ही माझी पत्नी.

खरं म्हणजे आज तिनं बोलावं असं ठरलं होतं. पण जी हकिकत सांगायची ती तिला सांगताच येत नाही. कारण ती सांगायची तर मध्ये माझं नाव घ्यावं लागतं, आणि तेही एकदा नव्हे, दर दोन वाक्यांनी. तेव्हा "तुम्हीच उभे राहा" असा हुकूम सुटला, आणि रेल्वेचा माणूस हुकमाचा ताबेदार असतो.

त्रेचाळीस सालची गोष्ट. त्या आधीच्या वर्षापासून मास्तरांनी मुलींना बीजगणित शिकवायला घेतलं होतं. तोपर्यंत मुलांचा बीजगणिताचा तास सुरू झाला की मुलींनी शिवणाच्या खोलीत जायचं अशी या शाळेची रीत होती. मास्तरांनी त्या खोलीतून सुया-दोऱ्यांसह मुली उचलल्या आणि फळ्यासमोर आणून बसवल्या. गावात चर्चा झाली. आमचे आजचे अध्यक्ष भाऊसो तेव्हाही समितीचे प्रमुख होते. भाऊसो, तुमच्या परवानगीनं तुमचे तेव्हाचे शब्द सांगतो. हसून मान हलवताय म्हणजे परवानगी आहे असं समजतो. भाऊसो म्हणाले होते, "मास्तर, पोरींना हे क्ष आन् य कशाला? त्यानं भाकरी फुगायची हाय व्हय?"

मास्तरांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, वर्षभर शिकवू द्या, मग एक दिवस सगळ्या गावासमोर मुलींची परीक्षा घ्या, परीक्षकही बाहेरचा आणा. मुलींना समजलेलं दिसलं तर वर्ग चालू ठेवा, नाही दिसलं तर मी स्वतः त्यांना शिवणाच्या खोलीत पोचवून येईन. भाऊसो शब्दाचे पक्के. म्हणाले, "ठरलं."

आता त्या वर्षात मास्तरांनी काय केलं ते ऐका. मी हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ऐकलेलं आहे, तेव्हा गणितात चूक झाली तर ती माझी, स्वयंपाकाची नव्हे.

मॅट्रिकच्या बीजगणितात एक भानगड येते. पुस्तकात एफ लिहितात, मग कंस करतात, कंसात एक्स लिहितात. मी शाळेत असताना ते पाहिलं आणि सरळ एफ आणि एक्सचा गुणाकार केला. माझ्या बाकावरच्या सगळ्यांनी तेच केलं. चारुलतेच्या वर्गातही मुलींनी तेच केलं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "वाचा." सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "एफ गुणिले एक्स!"

मास्तर रागावले नाहीत. ते म्हणे खडूनं पांढरा झालेला कोट झटकत खिडकीशी गेले आणि थोडा वेळ बाहेर पाहत राहिले. मग त्यांनी बनूला उभं केलं. बनू म्हणजे आपल्या लीलाबाईंची मुलगी. तिचे वडील कृष्णात हवालदार तेव्हा पलटणीबरोबर दूर देशी होते. मास्तरांनी विचारलं, "बनू, तुझ्या वडिलांविषयी कुणी विचारलं तर तुझी आई काय सांगते?"

बनू म्हणाली, "सांगती की, बनूचा बा पलटनीत हाय."

"नाव घेत नाही?"

"आवं मास्तर, नाव कसं घील? मालक हाय न्हवं!"

"बरं. 'बनूचा बा' म्हटलं की गावात कळतं कोण ते?"

"व्हय की. समद्यांना कळतंय."

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'बा', आणि त्यापुढे कंसात 'बनू'. म्हणाले, "आता हे वाच. बा गुणिले बनू?"

वर्गात जो हशा पिकला तो म्हणे शेजारच्या वर्गातल्या संस्कृतच्या मास्तरांना सहन झाला नाही. पण त्या दिवसानंतर त्या वर्गातल्या एकाही मुलीनं एफ आणि एक्सचा गुणाकार केला नाही. बनूचा बा म्हणजे बनूला धरून ठरणारं एक माणूस. तसाच तीनचा एफ म्हणजे तीनला धरून ठरणारी एक संख्या. एफ ही काही संख्या नाही. एफ हे नातं आहे, नियम आहे. सभ्य स्त्री-पुरुषहो, माझ्यासारख्या गणितात कच्च्या माणसालादेखील हे समजलं, यावरून मास्तरांची योग्यता ओळखा.

इथवर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मास्तरांना उत्साह आला. ते म्हणाले, हा एफ परक्या मुलुखातला, आपण आपल्या नियमांना आपली नावं देऊ. आणि त्यांनी नियमांची माणसं केली. एक केला अर्जुन. अर्जुनाकडे जी संख्या जाईल तिचा तो वर्ग करतो. अर्जुन कंसात तीन बरोबर नऊ. दुसऱ्या नियमाला नाव दिलं गोपाळ. गोपाळाकडे जी संख्या जाईल तिची तो दुप्पट करतो आणि वर एक मिळवतो. गोपाळ कंसात तीन बरोबर सात. गोपाळ कंसात क्ष बरोबर दोन क्ष अधिक एक. आमच्या चारुलतेचा त्या वर्षभरातला सगळ्यात आवडता नियम कोणता? गोपाळ! झोपेतून उठवून विचारलं तरी ती गोपाळचं उत्तर द्यायची. म्हणजे माझं तोंड पाहण्याच्या कितीतरी आधीपासून ही मुलगी दिवसरात्र माझा जप करत होती. माझ्या पत्रिकेत एवढं भाग्य लिहिलेलं होतं हे आमच्या जोशीबुवांनाही दिसलं नव्हतं.

आणि मग त्रेचाळीसच्या वैशाखात आमचं लग्न झालं.

मी तेव्हा लोणंदच्या मालधक्क्यावर होतो. घरात मी आणि आई. माझी आई, गोदावरीबाई, त्या तिथे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आई, नमस्कार. लग्नात आमच्या रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहिलं गेलं. चारुलतेची झाली विनोदिनी. नाव आईनं निवडलं होतं. सुनेचं शिक्षण हा मात्र अडचणीचा मुद्दा होता. मॅट्रिकचं वर्ष बाकी होतं. तिच्या वडिलांचं म्हणणं, परीक्षेपर्यंत तिला रहिमतपुरातच राहू द्या. आईचं म्हणणं, सून लोणंदला घरात हवी. शेवटी असं ठरलं की जूनमध्ये मास्तरांनी गावासमोर परीक्षा ठेवली आहे, ती आपण डोळ्यांनी पाहू. मुलीत खरंच काही असेल तर शिकू दे. आणि नसेल तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन परत जाऊ. आईनं येताना सुनेसाठी परतीच्या गाडीतली जागासुद्धा मला सांगून ठेवली होती.

तेव्हा त्या दिवशी या सभागृहात काय पणाला लागलं होतं ते लक्षात घ्या. समितीच्या दृष्टीनं मुलींचा वर्ग. आणि चारुलतेच्या दृष्टीनं तर सगळंच. अठरा वर्षांची मुलगी, अंगावर हिरवा चुडा, आणि समोर सासू.

आता तुम्ही विचाराल, की मास्तरांना नवऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं का? नव्हतं! उन्हाळ्याच्या सुटीत ते वाईला बहिणीकडे गेले होते, लग्नाला नव्हते. आले ते परीक्षेच्या तयारीला लागले. वर्गात त्यांनी तिचं मंगळसूत्र पाहिलं, आशीर्वाद दिला आणि लगेच फळ्याकडे वळले. मग तिनं सांगायचं नाही का? अहो, कसं सांगणार? "सर, तो नियम बदला, ते माझ्या यजमानांचं नाव आहे," एवढं सासुरवाशिणीनं वडीलधाऱ्या पुरुषाला सांगायचं म्हणजे त्या काळात केवढी गोष्ट! तयारीच्या दिवसांत गोपाळचं गणित आलं की ती बनूला कोपरानं ढोसायची आणि बनू उत्तर द्यायची. बनूनं ते गुपित जिवापाड सांभाळलं. त्या वयातल्या मुलींना असल्या गुपितात जो आनंद होतो त्याला तोड नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. याच व्यासपीठावर फळा. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. समितीचे लोक खुर्च्यांवर. परीक्षक म्हणून हेच आपले प्रोफेसर कुरुंदवाडकर. त्यांचे केस तेव्हा काळे होते आणि अजून त्यांचं लग्न व्हायचं होतं. हे दुसरं मी का सांगतो ते पुढे कळेल. मी उजवीकडे पाचव्या रांगेत, नव्या जावयाला शोभेल असा टोपी-उपरणं घालून, घाम पुसत बसलेलो.

सुरुवात झकास झाली. बनूनं 'बनूचा बा' सांगितलं तेव्हा सभागृह खूश झालं. प्रोफेसरांनी मान डोलावली. मग ते चारुलतेकडे वळले. फळ्यावर मास्तरांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं होतं. प्रोफेसर म्हणाले, "तू पुढे ये. हे वाच."

फळ्यावर होतं, गोपाळ कंसात क्ष बरोबर दोन क्ष अधिक एक.

ती गप्प.

प्रोफेसर म्हणाले, "घाबरू नकोस. नुसतं वाचायचं आहे."

ती गप्प. मान खाली. मास्तर डोळ्यांनी खुणावताहेत, वाच, वाच, तुझाच तर नियम! बनू तोंडात पदर कोंबून लाल झालेली. पुरुषांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. भाऊसो मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, पोरीला वाचाया बी यीना की!" मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वर्षभराची मेहनत त्यांच्या डोळ्यांसमोर शिवणाच्या खोलीकडे चालली होती.

आणि बायकांच्या बाजूला? तिथे हळूहळू खसखस पिकायला लागली. एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, दुसरीनं तिसरीच्या. आणि मग त्या सगळ्याजणी एकदम वळून माझ्याकडे पाहायला लागल्या. माणसाला आपलं नाव एवढं जड कधी वाटू नये. मला वाटलं, उठून ओरडावं की घे गं, घे नाव, माझी काही हरकत नाही! पण आई समोर. आणि आई ताठ बसलेली, नजर सुनेवर. सुनेनं चारचौघांत, सासूसमोर, नवऱ्याचं नाव फळ्यावरून घडाघडा वाचलं तर आईला काय वाटेल? आणि नाही वाचलं, तर लोणंदची गाडी संध्याकाळी होतीच. तिनं वाचावं तरी पंचाईत, न वाचावं तरी पंचाईत.

अखेर लीलाबाईंना राहवलं नाही. त्या जागेवरून उठल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आवं मास्तर, तुमी बी काय! त्ये तिच्या मालकाचं नाव हाय! नाव कसं घील ती?"

सभागृह असं हसलं की कौलांवरचे पारवे उडाले. प्रोफेसर गोंधळले, कारण ते अविवाहित होते. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि धावत जाऊन फळा पुसायला रुमाल उचलला. म्हणाले, "क्षमा कर पोरी. पुसतो. एफ लिहितो."

तेव्हा तिचा आवाज आला. एवढासा, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सर, पुसू नका. मी त्याला दुसरं नाव ठेवते."

तिनं खडू घेतला. माझ्या नावाच्या खाली लिहिलं, 'ते'. ते कंसात क्ष बरोबर दोन क्ष अधिक एक.

मंडळी, बायकांच्या बाजूला काय झालं ते मी सांगू शकत नाही. घराघरांत रोज 'ते आले का', 'ते जेवले का' म्हणणाऱ्या त्या सगळ्याजणी. कुणी शेजारणीच्या खांद्यावर पडली, कुणाचं लेकरू दचकून रडायला लागलं. पण प्रोफेसर कुरुंदवाडकर हसले नाहीत. गणिताच्या माणसाला गणिताचा वास आला होता. ते पुढे सरकले आणि गंभीरपणे म्हणाले, "थांब. तू नियमाचं नाव बदललंस. मग आता नियमही बदलला का?"

"नाही सर."

"कशावरून? पाठ केलंस म्हणून सांगतेस?"

तिनं खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "सर, वैशाखात माझं नाव बदललं. आधी मला सगळे चारुलता म्हणत, आता विनोदिनी म्हणतात. पण मला जे येत होतं ते सगळं अजून येतं. नाव बदललं म्हणून मी दुसरी झाले नाही."

हसणं थांबलं. बायकांच्या बाजूचं आधी थांबलं. त्या बाजूला एकही बाई अशी नव्हती जिचं नाव कधीतरी तांदळात लिहून बदललेलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आईचं माहेरचं नाव काय होतं, हे मला, तिच्या मुलाला, त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

प्रोफेसरांनी खडू तिच्याच हातात ठेवला आणि परीक्षा घ्यायला सुरुवात केली. खरी परीक्षा. "ते कंसात चार?" नऊ. "ते कंसात दोन अधिक तीन?" अकरा. "ते कंसात दोन, अधिक, ते कंसात तीन?" बारा. "मग दोन्ही सारखे का नाहीत?" ती म्हणाली, "दोघं एकत्र गेले तर वरचा एक एकदाच मिळतो. वेगवेगळे गेले तर प्रत्येकाला मिळतो." प्रोफेसरांनी विचारलं, "तीन आधी अर्जुनाकडे गेला आणि मग त्यांच्याकडे, तर?" एकोणीस. "आधी त्यांच्याकडे आणि मग अर्जुनाकडे?" एकोणपन्नास. "असं कसं?" इथे बनूला राहवेना. ती मागून म्हणाली, "आईचा भाऊ येगळा आन् भावाची आई येगळी! येक मामा, दुसरी आपलीच आई!" प्रोफेसरांनी चष्मा काढून पुसला.

मग भाऊसो उठले. भाऊसोंची शेती मोठी, माणसं पारखायची सवय मोठी. त्यांनी काठी टेकली आणि म्हणाले, "म्या इचारू का येक? त्यांच्याकडनं पंधरा आलं भाईर. आत काय गेलं हुतं?"

हा प्रश्न कुणी शिकवलेला नव्हता. ती म्हणाली, "सात."

"आन् अर्जुनाकडनं नऊ आलं. आत काय गेलं हुतं?"

"ते नक्की सांगता येत नाही. तीन गेला असेल, नाहीतर उणे तीन."

"आसं का? त्यांचं सांगता येतंय आन् अर्जुनाचं न्हाई?"

आणि पुन्हा बनू धावली. "आवं भाऊसो, बनूचा बा कोन त्ये ठरल्यालं हाय. पन माझ्या बाचं लेकरू कोन म्हनलं, तर आमी चौघं हाय न्हवं? कोन सांगायचं?"

भाऊसोंनी काठीवर हनुवटी टेकली. मग खाली बसत म्हणाले, "मास्तर, वर्ग चालू द्या. आन् आमच्या घरातल्या दोगी उद्यापासनं येत्याल." भाऊसो, तुमच्या त्या दोन नाती आज पुढच्या रांगेत आहेत. दोघीही गणितात मला भारी आहेत, याची खात्री मी बुकिंगच्या खिडकीत उभा असताना करून घेतली आहे.

वर्ग वाचला. पण माझ्या घरचा निकाल अजून लागायचा होता. सभा संपली तशी आई उठली आणि सरळ व्यासपीठाकडे चालू लागली. मी मागे धावलो. मास्तर हात जोडून उभे राहिले. चारुलता वाकून पाया पडली. आईनं तिला उठवलं आणि मास्तरांना म्हणाली, "मास्तर, शाळेत तुम्ही हिला कुठल्या नावानं हाक मारता?"

मास्तर म्हणाले, "सवयीनं चारुलताच म्हणतो. चुकतंच माझं."

आई म्हणाली, "चुकत नाही. तेच चालू ठेवा. आम्हीही तेच म्हणू." आणि मग, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी माहेरची यमू. पुष्कळ वर्षांत कुणी हाक मारली नाही."

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही दोघंच लोणंदला परत गेलो. आईनं सांगून ठेवलेल्या जागेवर रस्ताभर माझं उपरणं बसलं होतं. मंडळी, आमच्या घरात विनोदिनी नावाचं कुणी नाही. मॅट्रिक झाली ती चारुलता. मी मिरजेला बदली मागून घेतली, आणि जवळच्याच विश्रामबागेच्या कॉलेजातून, याच प्रोफेसरांच्या हाताखाली, गणित घेऊन बी.ए. झाली तीही चारुलताच. नवरा बदली मागतो बायकोच्या कॉलेजासाठी, म्हणून मिरजेच्या यार्डात माझी काय कमी थट्टा झाली? पण ज्याचं नावच दुप्पट करून वर एक मिळवतं, त्यानं एवढ्या-तेवढ्याला डगमगून कसं चालेल?

आता मास्तर निवृत्त होताहेत. गेल्या आठवड्यात समितीनं त्यांच्या जागेवर कुणाला नेमायचं ते ठरवलं. अध्यक्षांनी मला ते जाहीर करण्याची मुभा दिली आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा बीजगणिताचा तास सौ. चारुलताबाई घेतील, मुलींचा आणि मुलांचा, दोन्ही एकत्र बसवून. टाळ्या वाजवा, पण मास्तरांसाठी वाजवा.

ही बातमी घेऊन आम्ही परवा मास्तरांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी पोहे केले होते. तिथे चारुलता मास्तरांना म्हणाली, "सर, मी मुलांना शिकवताना एक नवा नियम करणार आहे. त्याला तुमचं नाव द्यायचं आहे. नारायण. चालेल ना?"

मास्तरांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. म्हणाले, "अगं, वा! काय करतो हा नारायण? घन करतो? का वर्गमूळ काढतो?"

ती म्हणाली, "नारायण कंसात क्ष बरोबर क्ष."

मास्तर हिरमुसले. मी शपथेवर सांगतो, हिरमुसले. म्हणाले, "म्हणजे जे येईल ते आहे तसं परत? हा तर काहीच करत नाही की गं!"

चारुलतेनं पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणाली, "सर, मुलगी म्हणून मी जिथे जिथे गेले तिथे सगळे माझं काहीतरी वेगळं करायला बघत होते. कुणी नाव बदलत होतं, कुणी शिवणाच्या खोलीत बसवत होतं. चारुलता गेली आणि चारुलताच परत आली, असं माझ्या बाबतीत फक्त तुमच्याकडे झालं."

वहिनी आत गेल्या त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. मीही खिडकीतून उगाच बाहेर पाहत राहिलो, आणि बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं.

मास्तर, तुम्ही आम्हाला जे परत दिलंत त्याबद्दल माझ्या घरातर्फे, माझ्या आईतर्फे, आणि यापुढे या शाळेच्या दारातून जी जशी आत येईल तशीच ताठ मानेनं बाहेर पडेल त्या प्रत्येक मुलीतर्फे तुम्हाला साष्टांग नमस्कार. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, प्रोफेसरांनी स्वतःची थट्टा सोसली, आणि तुम्ही सगळ्यांनी एका रेल्वेच्या माणसाचं इतका वेळ ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला माझा विनोद लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि माझी खाली बसायची वेळ झाली आहे, कारण समोरच्या रांगेतून 'ते' कडे बघून 'ती' डोळे वटारते आहे. नमस्कार.